मराठी भाषेचे ख्रिस्ती उपासक फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे संक्षिप्त चरित्र

आपल्या साक्रीच्या धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव परमेश्वराच्या कृपेने साजरा होत असता, ज्या थोर पुरुषांनी आपल्या भाषेत ख्रिस्तोपासनेचा पाया घातला त्यांचे स्मरण करणे आपले कर्तव्य होय. खेड्यातील ख्रिस्तमंदिराच्या भिंती दगडचुन्याने उभ्या राहतात; परंतु त्या भिंतींच्या आत गुडघे टेकणाऱ्या माणसाच्या तोंडी त्याच्या स्वतःच्या भाषेतील प्रार्थना नसेल, तर ते मंदिर त्याला परक्याच्या वाड्यासारखे वाटते. आज आपल्या वेदीवर मिस्साबळी मराठीत अर्पण होतो, गायनमंडळ मराठीत गाते, आजीबाई मराठीत रोझरी म्हणते. ही गोष्ट आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यासाठी कोणास कष्ट पडले असतील हे ध्यानातही येत नाही. ज्या पुरुषाने हे कष्ट सर्वांत आधी व सर्वांत अधिक सोसले, त्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे चरित्र पुढे थोडक्यात सांगितले आहे. ते जन्माने इंग्रज होते, पण आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी गोव्यातील खेड्यापाड्यांत धर्मगुरू म्हणून वेचली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते नाव आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

जन्म व पूर्वायुष्य

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म इ. स. 1549 च्या सुमारास इंग्लंड देशाच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते व त्यांचेही नाव थॉमस असेच होते. 1549 ह्याच साली संत फ्रान्सिस झेवियर हे गोव्याकडून पुढे जाऊन जपानच्या किनाऱ्यास उतरले. ह्या संताच्या कार्याची कीर्ती पुढे सर्व युरोपभर पसरली, आणि बुश्टनच्या ह्या बालकाचे आयुष्य घडविण्यास तीच मोठ्या अंशी कारण झाली.

त्या काळी इंग्लंडातील कॅथोलिक लोकांची स्थिती फार बिकट होती. 1558 साली एलिझाबेथ राणी गादीवर आली व 1559 साली पार्लमेंटाने असा कायदा केला की, राजसत्ता हीच इंग्लंडातील धर्मसभेची अधिपती होय. मिस्सा अर्पण करणे गुन्हा ठरले. सरकारी चर्चमध्ये जो रविवारी हजर राहणार नाही त्यास दंड होऊ लागला. घरात धर्मगुरूस आश्रय देणे म्हणजे घरादारावर संकट ओढवून घेणे, अशी वेळ आली. धर्मासाठी छळ सोसणे म्हणजे काय, हे तरुण थॉमस पुस्तकात वाचून शिकले नाहीत. ते त्यांनी आपल्या शेजारीपाजारी पाहिले.

थॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत गृहस्थ त्यांचे जिवलग मित्र होते. पाउंड हे पूर्वी राजदरबारी वावरलेले. पण पुढे ते ऐषआराम सोडून भक्तिमार्गास लागले व आपल्या कॅथोलिक बांधवांस गुप्तपणे धीर देत फिरू लागले. स्टीफन्स त्यांच्या चाकराचा वेष घेऊन त्यांच्याबरोबर हिंडत असत. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असे ठरविले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची पुढील सुमारे तीस वर्षे बंदिवासात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व 20 ऑक्टोबर 1575 रोजी संत आंद्रेयाच्या मठात येशूसंघाचे उमेदवार झाले. तेथे सुरक्षित असताही तुरुंगातील मित्रास ते विसरले नाहीत. 1578 साली त्यांनी येशूसंघाच्या श्रेष्ठींकडे पाउंडविषयी सविस्तर निवेदन करून विनंती केली, आणि त्यामुळे पाउंड ह्यांस कोठडीत असतानाच पत्राद्वारे संघात घेण्यात आले.

रोममधील विद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्ययन चालू असता झेवियरच्या चरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली. स्वदेशाची दारे तर बंदच होती. त्यांनी हिंदुस्थानात पाठविले जाण्याची इच्छा श्रेष्ठींस कळविली व ती मान्य झाली.

समुद्रप्रवास

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून पाच गलबतांचा तांडा गोव्यास निघाला. त्यात स्टीफन्स होते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा हा मार्ग त्या काळी सहा-सात महिन्यांचा असे. ताजे अन्न व पाणी संपले की हिरड्या सुजून माणसे आजारी पडत. त्यांच्या गलबतावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीसजण मरण पावले. 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्यास उतरले. थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या वडिलांस प्रवासाचे सविस्तर वर्णन करणारे पत्र लिहिले. हे पत्र पुढे हाक्लुइट ह्यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. हिंदुस्थानात वास्तव्य केलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार फादर स्टीफन्स ह्यांचेच नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनीची सनद 1600 साली निघाली. म्हणजे तागडी घेऊन येणाऱ्या इंग्रजांच्या वीस वर्षे आधी जपमाळ घेतलेला हा इंग्रज ह्या भूमीवर आला होता.

साष्टीतील धर्मकार्य

1580 साली गोव्यात त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली व त्यांची योजना साष्टी प्रांतात झाली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा समुदाय. मडगाव, राचोल ही त्यातील मुख्य ठाणी. राचोल, ज्यास लोक रायतूर असेही म्हणतात, तेथील गुरुविद्यालय आजही चालू आहे. साष्टीतील निरनिराळ्या गावांच्या चर्चांत त्यांनी धर्मगुरू म्हणून काम केले व काही वर्षे ते साष्टीच्या विद्यालयाचे प्रमुखही होते.

ज्या भूमीत त्यांस काम करावयाचे होते ती दुखावलेली भूमी होती, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. 1543 साली साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली. 1567 साली राज्यकर्त्यांनी तेथील देवळे पाडली. कित्येक कुटुंबे आपल्या देवमूर्ती घेऊन जुवारी नदीपलीकडे अंत्रूज महालात पळून गेली. कुठ्ठाळीचा मंगेश व केळोशीची शांतादुर्गा ही दैवते आज फोंडा तालुक्यात आहेत, ह्याचे कारण हेच. ज्यांनी स्नानसंस्कार घेतला त्यांच्याही पूर्वीच्या पोथ्यापुराणांवर बंदी आली. ज्या लोकांच्या रात्री कीर्तन-पुराण ऐकण्यात जात, त्यांच्या हाती आता काहीच राहिले नाही. राजसत्तेच्या जोरावर देऊळ पाडता येते, पण माणसाच्या हृदयात श्रद्धा उभी करता येत नाही. ती केवळ परमेश्वराच्या कृपेने व प्रेमाच्या उपदेशाने उभी राहते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1965 साली धर्मस्वातंत्र्याविषयी जी शिकवण जाहीर केली ती आपणां सर्वांस आज मार्गदर्शक आहे, आणि त्या शिकवणीच्या प्रकाशात हा इतिहास आपण दुःखाने पण डोळे न मिटता वाचला पाहिजे.

ह्या दुखण्याचा स्फोट जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे झाला. फादर रुडॉल्फ आक्वाविवा, फादर आल्फोन्स पाशेको, फादर पीटर बेर्नो, फादर अँथनी फ्रान्सिस व ब्रदर फ्रान्सिस अरान्हा हे पाचजण चर्चसाठी जागा पाहण्यास त्या गावी गेले असता गावकऱ्यांनी त्यांस ठार केले. पूर्वी त्या गावचे देऊळ मोडले गेले होते व गावकऱ्यांच्या मनात संताप साठून राहिला होता. ह्या पाच संघबंधूंची शरीरे ताब्यात घेऊन त्यांचे दफन करण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स ह्यांच्या वाट्यास आले. राचोलच्या चर्चमध्ये त्यांस पुरण्यात आले. 1893 साली धर्मसभेने ह्या पाचही हुतात्म्यांस धन्य म्हणून घोषित केले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ह्या हत्येचा सूड घेतला. गावच्या प्रमुखांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून चौकशीवाचून ठार केले. दोन्हीकडचे रक्त एकाच मातीत पडले.

अशा वेळी परक्या देशातील पस्तिशीच्या आतील तरुण धर्मगुरूच्या मनात काय उलथापालथ झाली असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. स्वदेशी त्यांनी राजसत्तेच्या छळाने दडपलेले कॅथोलिक पाहिले होते. येथे त्यांच्यासमोर राजसत्तेच्या छळाने दुखावलेले लोक होते. त्यांनी ती गावे सोडली नाहीत. ज्या लोकांमध्ये आपले बांधव मारले गेले त्यांच्याच भाषेचे अध्ययन त्यांनी चालू ठेवले, आणि पुढील छत्तीस वर्षे तेच त्यांचे मुख्य शस्त्र राहिले.

भाषेचे अध्ययन

त्याच वर्षी, ऑक्टोबर 1583 मध्ये, पॅरिस येथे असलेल्या आपल्या रिचर्ड नावाच्या बंधूस त्यांनी पत्र लिहिले. ह्या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यात त्यांनी नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यास 1786 साली संस्कृतविषयी हाच विचार मांडला व त्यातून भाषाशास्त्राची एक नवी शाखा निघाली. साष्टीतील ह्या धर्मगुरूस ते साम्य दोनशे वर्षे आधी दिसले होते.

साष्टीच्या लोकांची भाषा दुहेरी होती. घरात, शेतात, बाजारात कोंकणी. पुराण, कीर्तन व भजन ह्यांत मराठी. फादर स्टीफन्स ह्यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या आणि दोहोंचाही मान ठेवला. उपदेशासाठी व मुलांच्या धर्मशिक्षणासाठी त्यांनी कोंकणीत ख्रिस्ती सिद्धान्ताचे प्रश्नोत्तररूप पुस्तक रचले; ते 1622 साली राचोल येथे छापले गेले व कोंकणी भाषेतील ते पहिले छापील पुस्तक मानले जाते. नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी कोंकणीचे व्याकरण लिहिले. फादर दियोगु रिबेरु ह्यांनी भर घालून सुधारलेले हे व्याकरण 1640 साली प्रसिद्ध झाले. ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहण्यास ते स्वतः हयात नव्हते. आपल्यानंतर येणाऱ्यास वाट सोपी व्हावी म्हणून त्यांनी हे श्रम केले.

इंग्रज कैद्यांची सुटका

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या खानदेशाशीही जोडलेला आहे. 1583 साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी ह्या चार इंग्रजांस पोर्तुगीजांनी होर्मुझ येथे पकडून कैदी म्हणून गोव्यास आणले. हे हेर असावेत असा संशय होता. ते राणी एलिझाबेथचे प्रजाजन, म्हणजे ज्या राज्याने स्टीफन्स ह्यांस देशोधडीस लावले त्याच राज्याचे लोक. तरीही फादर स्टीफन्स ह्यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली, जामिनाची व्यवस्था केली व त्यांस तुरुंगातून सोडविले. स्टोरी गोव्यातच राहिला. बाकीचे तिघे 1584 साली गोव्यातून निसटले व विजापूर, गोवळकोंडा असे करीत बऱ्हाणपुरास आले. बऱ्हाणपूर ही त्या वेळी फारुकी राजांची, म्हणजे खानदेशची राजधानी होती. तेथून ते पुढे आग्र्यास गेले. अशा रीतीने एका धर्मगुरूच्या दयेने मोकळे झालेले प्रवासी आपल्या तापीच्या खोऱ्यातून गेले, ही गोष्ट खानदेशातील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ख्रिस्तपुराण

आता ज्या कार्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले त्याकडे वळू. नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या व नव्या कोणी दिल्या नव्हत्या. आमच्यासाठी आमच्या भाषेत पुराण का नसावे, असे ते आपल्या धर्मगुरूंस विचारीत. ही मागणी फादर स्टीफन्स ह्यांनी क्षुल्लक मानली नाही. भुकेल्यास भाकरी मिळाली पाहिजे हे त्यांनी ओळखले. त्यांच्या हयातीतच इकडे पैठणास संत एकनाथ भागवत व रामायण ओवीबद्ध करून सामान्य जनांपुढे ठेवीत होते. तोच ओवी छंद, तीच पुराण सांगण्याची पद्धत व तीच मराठी वाणी फादर स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्तचरित्रासाठी घेतली.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यास पैले पुराण व दुसऱ्यास दुसरे पुराण म्हणतात. पैल्या पुराणात जगाची उत्पत्ती, आदिमातापित्यांचे पतन, नोहा, अब्राहाम, मोशे व संदेष्टे ह्यांच्या कथा असून त्याचे 36 अवस्वरू, म्हणजे अध्याय, व 4,296 ओव्या आहेत. दुसऱ्यात प्रभू येशूच्या अवतारापासून स्वर्गारोहणापर्यंतचे चरित्र असून त्याचे 59 अवस्वरू व 6,666 ओव्या आहेत. एकंदर ओव्या 10,962 होतात. ग्रंथाच्या आरंभी मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या काही ओव्या आहेत. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस त्या सुपरिचित आहेत. परदेशी जन्मलेल्या माणसाने आपल्या भाषेची इतकी मनःपूर्वक स्तुती केलेली पाहून कोणाही मराठी माणसाचे मन भरून येते.

ह्या रचनेत एक मोठी गोष्ट अशी की, जे शब्द लोकांच्या भक्तीत मुरलेले होते त्यांचा त्यांनी अव्हेर केला नाही. स्वर्गास त्यांनी वैकुंठ हाच शब्द योजिला. ऐकणाऱ्यास आपल्या आजीच्या तोंडचे शब्द ऐकू येत व त्या शब्दांतून त्यास प्रभूचे चरित्र कळत असे. शिकवण शुद्ध कॅथोलिक, आणि वाणी शुद्ध ह्या मातीची.

छपाईची अडचण मात्र मोठी होती. गोव्यात छापखाना 1556 सालीच आला होता. पण त्यात रोमन अक्षरांचे खिळे होते. मराठी लिपीचे खिळे पाडून मिळावेत म्हणून 1608 साली फादर स्टीफन्स ह्यांनी रोममधील संघश्रेष्ठींस पत्र लिहून विनंती केली. जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे खिळे लागतात, पण योजनापूर्वक ते दोनशेपर्यंत आणता येतील, असा हिशेबही त्यांनी दिला. ही इच्छा पूर्ण झाली नाही. शेवटी 1616 साली राचोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापले गेले. आपल्या हातातील ही स्मरणिका देवनागरी अक्षरांत छापलेली आहे. चारशे वर्षांपूर्वी ह्याच अक्षरांसाठी एका धर्मगुरूने सातासमुद्रापलीकडे अर्ज केला होता व तो निष्फळ ठरला, हे पाने उलटताना आठवावे.

ग्रंथाचे स्वागत फार प्रेमाने झाले. गावोगावच्या चर्चांत रविवारी व सणांच्या दिवशी ख्रिस्तपुराणाचे वाचन होऊ लागले. ज्यास अक्षरओळख नाही तोही ऐकून ऐकून ओव्या पाठ करी. 1649 व 1654 साली ग्रंथाच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्याच वाटेने फादर एतियेन द ला क्रुवा ह्या फ्रेंच धर्मगुरूंनी संत पेत्राचे चरित्रपर पुराण मराठी ओव्यांत रचले.

देहावसान व ग्रंथाचे पुढील दैव

1619 साली, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, फादर स्टीफन्स ह्यांनी गोव्यातच देह ठेवला. चाळीस वर्षांत ते एकदाही स्वदेशी परतले नाहीत. त्यांच्या हयातीत ख्रिस्तपुराणाची एकच आवृत्ती त्यांच्या दृष्टीस पडली.

त्यांच्या मागे ग्रंथास वाईट दिवस आले. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्यांनी फर्मान काढून लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी अशी आज्ञा केली. ज्या भाषेसाठी एका धर्मगुरूने जन्म वेचला, त्याच भाषेवर ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राजसत्तेने बंदी घातली. नव्या आवृत्त्या निघणे थांबले. पुढे 1759 साली येशूसंघासच पोर्तुगीज मुलखातून घालवून देण्यात आले.

तथापि ग्रंथ नाहीसा झाला नाही. गोव्यातून मंगळूर प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या सामानाबरोबर ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती नेल्या. वडिलांनी उतरून घ्यावे, मुलाने पुन्हा नक्कल करावी, उपवासकाळात घरातील सर्वांनी बसून ऐकावे, अशा रीतीने तो जिवंत राहिला. ह्याच हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली जोसेफ सालढाणा ह्यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापविला. 1920 नंतरच्या दशकात जस्टिन अ‍ॅबट ह्या अमेरिकन मिशनरी पंडितांनी लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यास देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे फादर स्टीफन्स ह्यांनी 1608 साली मागितलेली अक्षरे त्यांच्या ग्रंथास छापील रूपात मिळण्यास साडेतीनशे वर्षे लागली! त्यानंतर 1996 साली फादर कारिदाद द्रागो ह्यांची व 2009 साली फादर नेल्सन फाल्काव ह्यांची, गद्य मराठी रूपांतरासह, अशा आवृत्त्या निघाल्या आहेत. गोव्यात पर्वरी येथे त्यांच्या नावाने कोंकणी भाषेचे अभ्यासकेंद्रही आहे.

आपल्यासाठी बोध

प्रिय धर्मग्रामस्थहो, हे चरित्र आपल्या ज्युबिलीच्या प्रसंगी सांगण्याचे कारण आता सांगतो. आपला साक्री तालुका म्हणजे अनेक बोलींचा संगम. कान व पांझरा नद्यांच्या काठच्या गावांत अहिराणी चालते. पश्चिमेकडे डोंगरकपारीत भिली, मावची व कोकणी बोली ऐकू येतात. शाळेत व चर्चमध्ये मराठी. साष्टीत घरी कोंकणी व पुराणात मराठी अशी जी स्थिती फादर स्टीफन्स ह्यांस दिसली, तीच थोड्या फरकाने आपली आहे. त्यांनी मराठीत महाकाव्य लिहिले, पण घरच्या बोलीस गावंढळ म्हणून बाजूस सारले नाही. तिचे व्याकरण लिहून तिला मान दिला. आपणही तसेच केले पाहिजे. आपल्या कित्येक मुलांस आज घरची बोली चारचौघांत बोलण्याची लाज वाटते. ही लाज चर्चच्या दारात तरी राहू नये. ज्या आईने बोलीतच मुलास पहिला क्रूसाचा खुणा शिकविला, तिची प्रार्थना परमेश्वरास पूर्णपणे कळते.

1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषेचा वापर करण्यास वाट मोकळी केली. 1987 साली नाशिक धर्मप्रांत स्थापन होऊन खानदेश त्यात आला. ह्या घटनांमुळे आपणांस जे सहज लाभले आहे, ते वापरण्याची जबाबदारी आता आपली. भाषा कायद्याने बंद होते तशी ती आळसानेही बंद होते. 1684 चे फर्मान आज कोणी काढणार नाही. पण घरात सायंकाळची प्रार्थना थांबली, आजीकडून नातवाकडे गीत गेले नाही, तर फर्मानावाचूनच तेच घडेल.

आणखी एक गोष्ट. आपल्यापैकी अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी महिनोन्महिने गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. कोपीत राहणाऱ्या त्या माणसांजवळ त्या काळात ना आपले मंदिर असते ना आपला धर्मगुरू. त्यांच्याबरोबर काय जाते? जे तोंडपाठ आहे तेवढेच जाते. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांची श्रद्धा पिढ्यानपिढ्या टिकली ती त्यांनी पोथी बरोबर नेली व ओव्या मुखोद्गत ठेवल्या म्हणून. जात्यावर ओवी गाणाऱ्या मायबहिणींचा हा खानदेश. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी ह्यांनी अक्षर न गिरवता आपल्या बोलीत अमर काव्य रचले ते ह्याच मातीत. तेव्हा शुभवर्तमानातील कथा, प्रभूची प्रार्थना व गीते ही मुलांस पाठ करविणे, आणि शक्य तेथे आपल्या बोलीत नवीन रचना करणे, हे ह्या ज्युबिलीचे खरे स्मारक होईल. मंडळाने, मास्तरांनी, मातापित्यांनी ह्याचा विचार करावा. गावातील वृद्ध माणसांस ज्या जुन्या प्रार्थना व गीते येतात ती ह्या वर्षातच कोणी बसून उतरून घ्यावीत. ती माणसे गेल्यावर ती गीतेही त्यांच्याबरोबर जातील.

आपले मंदिर हे प्रार्थनेचे घर तर आहेच, शिवाय ते गावाच्या सुखदुःखाचेही घर आहे. शेजारचे हिंदू, मुसलमान व आदिवासी बांधव आपणांकडे पाहतात ते आपल्या वागणुकीकडे पाहतात. फादर स्टीफन्स ह्यांच्या काळी सत्तेने जी जखम केली ती त्यांनी प्रेमाने व शब्दाने बांधण्याचा प्रयत्न केला, आणि शत्रुराज्याच्या कैद्यांसही जामीन मिळवून दिला. शेजाऱ्याची भाषा शिकणे व अडलेल्यास सोडविणे ही दोन कामे त्यांनी खेड्यातील धर्मगुरू राहूनच केली. ती आपणांपैकी प्रत्येकास करता येण्यासारखी आहेत.

सर्वसमर्थ परमेश्वर आपल्या धर्मग्रामावर कृपादृष्टी ठेवो. पवित्र मरीया माता आपल्या मुलाबाळांचे रक्षण करो. आणि ज्यांनी आपल्या मातृभाषेत प्रभूचे नाव आपल्या ओठी दिले, त्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या आत्म्यास परमेश्वर चिरंतन शांती देवो. आमेन.